काही लागलं तर सांग

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



आठवीत वक्तृत्व स्पर्धेत मी दुसऱ्याच वाक्याला अडखळून खाली बसले होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. म्हणून आज लिहून आणलं आहे. सगळ्यांनी शाळेतल्या गमती सांगितल्या. मला शाळा सुटल्यानंतरची एक गोष्ट सांगायची आहे, कारण त्या गोष्टीत तुम्ही आहात.

2016 चा पावसाळा. आमची धाकटी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला सारखा ताप यायचा. औषध दिलं की उतरायचा, चार दिवसांनी परत हजर. चेहरा फिकट पडला. पायांवर निळे डाग दिसायला लागले. आम्हाला वाटलं, खेळताना पडली असेल. मग एक दिवस ती चालायलाच तयार होईना. "पाय दुखतो, उचल" म्हणून हात वर करून उभी राहायची. सासूबाई म्हणाल्या, लाडावली आहे. मलाही तसंच वाटलं. दोन डॉक्टर झाले, टॉनिकं झाली. तिसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि रिपोर्ट बघून म्हणाले, "आज रात्रीच मुंबईला निघा."

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये निदान झालं: अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो हाच कर्करोग, आणि दोन ते पाच या वयात त्याचं प्रमाण अधिक. तुमचं काही चुकलं म्हणून तो झालेला नाही. पूर्ण उपचार घेतले तर बरीच मुलं खडखडीत बरी होतात. 'पूर्ण' या शब्दावर त्यांनी जोर दिला. पूर्ण म्हणजे साधारण अडीच वर्षं.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शिरेतून व्हिन्क्रिस्टिन, रोज स्टेरॉइड, शिवाय पाठीच्या कण्यात सुई घालून औषध. व्हिन्क्रिस्टिन हे सदाफुलीपासून मिळतं, हे मला तिथल्या एका डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या शाळेत नळाशेजारी सदाफुलीचा ताटवा होता ना, तीच सदाफुली. आपण तिची फुलं तोडली म्हणून बाईंचा मार खाल्लाय.

स्टेरॉइडमुळे तिला भयंकर भूक लागायची. रात्री दोनला उठून वरणभात मागायची, आणि ताट समोर आलं की ढकलून द्यायची. मोठ्या माणसाला आजार समजावता येतो. अडीच वर्षांच्या पोरीला काय सांगणार? तिला एवढंच कळत होतं, की आई आपल्याला घट्ट धरून ठेवते आणि दुसरं कुणीतरी टोचतं. काही दिवस ती माझ्याकडे यायचीच बंद झाली. बाबा आला की त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून माझ्याकडे पाठ करायची. केस गेले त्याचं मला फार वाटलं नाही, पण ते पाठ करणं अजून आठवतं.

या काळात मी तुम्हाला कुणालाच काही सांगितलं नव्हतं. लोक कीव करतील, आपलं बोलणं निघेल, अशी भीती वाटायची. नातेवाइकांचे फोन यायचे. सगळे मनापासून म्हणायचे, "काही लागलं तर सांग." मी "हो" म्हणायचे आणि कधीच काही सांगायचे नाही. कारण काय लागतंय याचा विचार करायला, मग तो शब्दांत मांडायला आणि मग मागायलाही त्राण लागतं. तेच उरलेलं नव्हतं.

एके दिवशी तिच्या प्लेटलेट्स फार खाली गेल्या. प्लेटलेट्स साठवून ठेवता येत नाहीत, जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणजे दर वेळी जिवंत, धडधाकट माणूस दाराशी यावा लागतो आणि दीड-एक तास मशीनला जोडून घेऊन पडून राहावा लागतो. त्या दुपारी मी आपल्या ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं: "बी पॉझिटिव्ह हवेत. माझ्या मुलीसाठी." एवढंच. अर्ध्या तासात मुंबईतले सहा जण तयार झाले. त्यातल्या दोघांशी मी दहावीनंतर एकदाही बोलले नव्हते.

त्या दिवसानंतर तुमच्यापैकी कुणीही मला "काही लागलं तर सांग" म्हणालं नाही. दादरच्या मैत्रिणीने कळवलं, "दर मंगळवारी तुझी ओपीडी असते, डबा मी आणणार. ताजं, गरम, कच्चं काही नाही." इथे कराडात माझा मोठा मुलगा आजीजवळ होता, आठ वर्षांचा. हे दुकान सोडून किती दिवस मुंबईत राहणार? तेव्हा आपल्यातली एक जण सासूबाईंना सांगून आली, "याचा गृहपाठ रोज संध्याकाळी माझ्याकडे." ती त्याला बहिणीबद्दल काही विचारायची नाही. पाढे विचारायची. घरात सगळे धाकटीबद्दलच बोलत असताना त्याला ते पाढे किती लागत होते, हे मला फार उशिरा कळलं.

पण मला खरं सांगायचंय ते याच्यापुढचं. पहिल्या काही महिन्यांनंतर मूल बरं दिसायला लागतं. केस परत येतात, गाल भरतात. लोकांना वाटतं, सुटले एकदाचे. फोन थांबतात. पण उपचार थांबलेले नसतात. रोज रात्री गोळी, आठवड्यातून एकदा वेगळ्या गोळ्या, ठरलेल्या तारखेला मुंबई, आणि ताप आला की मध्यरात्रीसुद्धा दवाखाना.

आमच्या शेजारच्या खाटेवर चार वर्षांचा एक मुलगा होता. वडील मजुरी करायचे. औषधाच्या खर्चाला सरकारी योजना होती, हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग होता. पण दर खेपेला बुडणारी मजुरी, येण्याजाण्याचं भाडं, घरी ठेवलेली दोन मुलं, याला कोण होतं? पोरगा हसतखेळत होता. आठ महिन्यांनी त्यांनी येणं सोडलं. आजार उलटला, तेव्हा ते परत आले. तो मुलगा राहिला नाही. त्या वडिलांना मी दोष देणार नाही. त्यांच्याकडे आणि आमच्याकडे आलेला आजार एकच होता. आमच्याकडे तुम्ही होतात.

कारण तुम्ही शेवटपर्यंत थांबलात. आपल्या वर्गातल्या एकाने वहीत तक्ता आखला होता: कुठल्या तारखेला कोयना एक्सप्रेसचं तिकीट कुणी काढायचं, स्टेशनवर घ्यायला कुणी जायचं. ही वही अडीच वर्षं चालली. शंभराव्या आठवड्यातही दादरला डबा आला.

जानेवारी 2019 मध्ये शेवटची गोळी झाली. आज ती आपल्याच शाळेत सहावीत आहे. खो-खो खेळते. वर्षातून एकदा तपासणीला जातो. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या पोटात अजून गोळा येतो.

आज आपण शाळेला पाण्याचा कूलर देतोय, छानच आहे. त्याच्या जोडीला माझी एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत एखादं मूल असं आजारी असेल, तर "काही लागलं तर सांग" म्हणू नका. आपण काय करणार ते सांगा: मंगळवारचा डबा, महिन्याचं एक तिकीट, भावंडाचा गृहपाठ. छोटंच उचला, पण शेवटच्या गोळीपर्यंत सोडू नका. आणि कुणाच्या मुलाचा ताप पुन्हा पुन्हा येत असेल, नीळ उमटत असतील, ते चालायला नको म्हणत असेल, तर लाडावलंय म्हणू नका. एकदा रक्त तपासून घ्या. साधी तपासणी असते.

मुंबईकरांनी आपले रक्तगट आज जेवणाआधी माझ्याकडे लिहून द्यावेत. वही मी आणली आहे. तीच जुनी, मागची पानं कोरी आहेत.

बाई, या वेळी शेवटपर्यंत बोलले.