भागाकार कोणत्या जमिनीनं?



आमचं शिक्षण चौथीपर्यंत, पण भागाकार आम्हाला येतो. पगाराच्या दिवशी उधाऱ्या वाटून वाटून तो पाठ झालाय. "मुंबईत आता माणूस मावत नाही, कामगारानं बाहेर घर बघावं," असं एका कचेरीत आम्हाला ऐकवलं, तेव्हा आम्ही शिरगणतीचे सरकारी आकडे काढून बसलो.

दाटी म्हणजे माणसं भागिले जमीन. 2011 च्या शिरगणतीत चौरस किलोमीटरमागे चेन्नई जिल्ह्यात 26,553 माणसं, कोलकात्यात 24,306, मुंबई उपनगरात 20,980, मुंबई शहर जिल्ह्यात 19,652 आणि दिल्लीत 11,320. म्हणजे दिल्लीकर ऐसपैस राहतो? नव्हे! दिल्लीच्या 1,483 चौरस किलोमीटरांत शेतं आणि खेडीही धरली आहेत. आमच्या उपनगरातही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं जंगल येतं. तिथं फिरतो बिबट्या, आणि कागदावर ती जमीन आमच्या वाट्याला!

चेन्नईची तर गंमतच. 2018 साली जिल्ह्याची हद्द 175 वरून 426 चौरस किलोमीटर झाली. 2011 चीच माणसं नव्या हद्दीत मोजली, तर दाटी सोळा हजारांच्या आत येते. एकही बिऱ्हाड हललं नाही. हलली ती नकाशावरची रेघ.

आता आपल्या घरचं बघू. मुंबई शहर जिल्ह्यात 2001 साली 33,38,031 माणसं होती, 2011 साली 30,85,411. अडीच लाख कमी! दाटी घटली, कागद सुधारला. पण आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं होती, ती सातच राहिली. गेले ते शेजारी, कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, आणि पहाटेच्या गाडीला लोंबकळत कामावर येऊ लागले.

आणि जागा नव्हती म्हणता? 1991 च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: मोकळं मैदान, परवडणारी घरं आणि मालक. 2001 साली नियम बदलला, आणि वाटणीला राहिली फक्त रिकामी जमीन. बांधकामाखालची सगळी वगळली. ते कोणत्या दाटीच्या हिशेबात बसतं?

तेव्हा कुणी आकडा फेकला, की विचारा: साल कोणतं? हद्द कोणती? त्यात जंगल किती, शेत किती? बुधवारी पाळी सुटली की आम्ही युनियनच्या खोलीत हे तक्ते घेऊन बसतो. येताना पेन्सिल आणा.