बांधाचा अर्ज वेगळा, शिवीगाळीचा अर्ज वेगळा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतील बोलणं)



आज बचत आणि हप्ते थोडे बाजूला ठेवू, बांधाबद्दल बोलू. पेरणी जवळ आली की बांधावरची भांडणं सुरू होतात. ज्या घरात पुरुष माणूस नाही, किंवा कामाला बाहेरगावी आहे, त्या घराचा बांध आधी कोरला जातो. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

"अर्ध्या फुटानं काय बिघडलं?" असं लोक म्हणतात. हिशोब करू. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. बांध 330 फूट लांब आहे आणि शेजारी दरवर्षी अर्धा फूट आत आला, तर सात वर्षांच्या आत एक गुंठा गेला. सातबाऱ्यावर तो तुमचाच, पीक मात्र दुसऱ्याचं.

आपल्यातल्या एका ताईंनी परवानगी दिली म्हणून सांगते, नाव घेत नाही. मालक वारल्यावर शेजाऱ्यानं बांध कोरला. विचारायला गेल्या तर चारचौघांत त्यांच्या चारित्र्यावर बोलला. ताई एकट्या रानात जाईनाशा झाल्या. पोलीस ठाण्यात गेल्या आणि बांधापासून सांगायला लागल्या. उत्तर मिळालं, "जमिनीचा वाद आहे, कोर्टात जा." तलाठ्याकडे गेल्या तर, "शिवीगाळीचं पोलिसांना सांगा." ताई मधल्या मधे अडकल्या.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. ही दोन प्रकरणं आहेत. अर्ज दोन, दरवाजेही दोन.

पहिला दरवाजा जमिनीचा. हद्द तलाठी ठरवत नाही, सरपंचही नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करायचा. ताजा सातबारा जोडायचा, फी भरायची, लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते द्यायचे. त्यांना नोटीस जाते. नोटीस मिळूनही शेजारी आला नाही, तरी मोजणी होऊ शकते. मोजणीवाले खुणा दाखवतील तिथं दगड रोवून घ्या, आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मागून घ्या. खरा पुरावा तीच. शेजाऱ्याचं अतिक्रमण निघालं, तर ती प्रत घेऊन तहसीलदारांकडे किंवा दिवाणी कोर्टात जाता येतं. शेतातून बेकायदा काढलं किंवा वहिवाटीची वाट अडवली, तर मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. "पुढच्या हंगामात बघू" म्हणत बसू नका.

दुसरा दरवाजा पोलिसांचा. तिथं बांधाची कहाणी आधी सांगू नका. "मला अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणूस असं बोलला" इथून सुरुवात करा. आपण लाजेनं म्हणतो, "घाण घाण बोलला." एवढ्यानं तक्रार कच्ची राहते. तो जे बोलला तेच शब्द लिहा. तोंडातून निघत नसतील तर कागदावर लिहून न्या. शब्द त्याचे आहेत, लाज त्याला वाटू दे. बाईच्या अब्रूला धक्का लावण्यासाठी बोलणं किंवा हावभाव करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र आहे. अशी तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते, तसं मागा. गुन्हा नोंदवला की त्याची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात घेतलंच नाही, तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा. अंगावर धावून आला तर लगेच 112 लावा.

वकिलाचा खर्च कसा करायचा, असं विचाराल. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करा. फोन 15100.

आता काय करायचं नाही ते सांगते. दगड आपल्या हातानं हलवायचा नाही. हात उचलायचा नाही, नाहीतर उलटी केस आपल्यावरच. न वाचता सही किंवा अंगठा द्यायचा नाही. गावात बसून मिटत असेल तर चांगलंच, पण बांध मिटला म्हणून शिवीगाळही पोटात घाल, असं कुणी म्हटलं तर ऐकायचं नाही.

आणि गटानं काय करायचं? भांडायला जायचं नाही, सोबत जायचं. त्या ताईंच्या मोजणीच्या दिवशी गटातल्या चौघी बांधावर नुसत्या उभ्या होत्या. कुणी आवाज चढवला नाही, दगड रोवले गेले. शेजारी आजही त्यांच्याशी बोलत नाही. पण ताई रानात जातात, यंदा पेरणीही करणार आहेत. अशा ताईबद्दल गावात काहीबाही बोललं जातं, तेव्हा आपण त्यात भर घालायची नाही. हीसुद्धा सोबतच.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचा सातबारा आणा. आपलं नाव आहे का बघू. मालक वारले असतील आणि वारस नोंद राहिली असेल, तर पहिला अर्ज त्याचा, कारण सातबाऱ्यावर नाव नसेल तर मोजणीचा अर्ज तिथंच अडतो. अर्ज लिहायला मी बसते तुमच्याबरोबर.