सापाची मावशी



परळ-लालबागच्या चाळींत सापाची मावशी निघाली की आपला हात आधी चपलेकडे जातो. हिचे खरे नाव सापसुरळी. ती चावली तर माणूस वाचत नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. बागांत खुरपणी करणाऱ्या आमच्या माळी बांधवांतही हाच समज : आधी मावशीला ठेचायचे, मग कामाला लागायचे. म्हणून आज तिची फिर्याद आपल्यापुढे मांडतो.

विषाचा प्रश्न आधी निकालात काढू. सर्पदंशावरचे औषध आपल्या देशात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरून तयार होते. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. तेथे सापसुरळीचे विष कोणी काढीत नाही. कारण तिच्यात ते नाहीच. हातात पकडली तर चिमटा घेईल, एवढेच.

मग सापाशी नाते लागले कसे? अंग लांबट आणि तुळतुळीत, मान वेगळी दिसत नाही, पाय इतके आखूड की गवतातून पळताना नजरेसच पडत नाहीत. पण जरा थांबून पाहा. ती पापण्या मिटते, तिच्या कानाचे छिद्र दिसते. सापाला पापणीही नाही आणि कानाचे छिद्रही नाही.

तिचे खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्या खाली हाडाच्या बारीक चकत्या असतात. हे चिलखत असूनही अंग लवचीक. दगडाच्या फटीत ती सहज शिरते. अंगची ऊब तिला स्वतः निर्माण करता येत नाही. म्हणून सकाळी ती ऊन खात बसते आणि मग टोळ, कोळी, किडे टिपते. बागेचे हे काम ती बिनपगारी करते.

शत्रूच्या तावडीत सापडली की ती शेपूट सोडते. शेपटीच्या बहुतेक मणक्यांत मोडण्याची एक ठरलेली जागा असते. स्नायू आवळले जातात, रक्त फारसे जात नाही. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, शत्रू तिकडे पाहतो आणि मावशी पसार होते. ठिपकेदार सापसुरळीच्या पिलांची शेपूट तर तांबडीलाल असते. घाव डोक्यावर न पडता शेपटीवर पडावा, असा तिचा उपयोग अभ्यासक सांगतात.

पण ही सुटका फुकट नाही. शेपटीत चरबीचा साठा असतो. तो गेला म्हणजे अडीअडचणीची शिदोरी गेली. नवी शेपूट फुटते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची नळी असते. त्या भागात मोडण्याची ती जागा नसते. पुन्हा संकट आले तर उरलेल्या जुन्या भागातूनच तोडावे लागते, म्हणजे दरवेळी घाव अंगाच्या अधिक जवळ येतो. मालकापुढे तडजोडीला बसलेल्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. एकदा सोडून दिले, म्हणून पुन्हा तेवढेच सोडता येईल असे नसते.

आपल्या भागात तिची जागाही अशीच आक्रसत आहे. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, पुष्कळ आवारांत मनोरे उभे राहिले, मोकळ्या मातीवर फरशी आली. उरली आहेत ती राणीच्या बागेसारखी थोडी झाडी, चाळीमागच्या कुंड्या आणि दगडांचे ढीग. तेथेही आपण चप्पल घेऊन उभे राहिलो, तर तिने मागे सरायचे कोठे?

मागणी फार मोठी नाही. बागेच्या एका कोपऱ्यात पाचोळा व चार दगड राहू द्या. मुलांना पापणी आणि कान दाखवा. मात्र पाय दिसले नाहीत आणि ओळख पटली नाही, तर हात न लावता दूर उभे राहा. तो सापही असू शकतो. मावशी निघाली, तर वाट मोकळी करा. ती आपणहून जाते.