दाराची पट्टी आणि खांबाचे कडे

(भाषणाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की देणगीची यादी आधी डोळ्यांपुढे उभी राहते. कोणी कळस देतो, कोणी घंटा, कोणी गाभाऱ्याची फरशी, तर कोणी सभामंडपातले पंखे. या सर्व वस्तूंवर नाव घालण्याची सोय असते, आणि ते योग्यच आहे. नावाच्या पाटीने गावाची आठवण राहते. परंतु मुख्य दाराच्या दोन झडपांमधली फट झाकणारी जी पुरुषभर उंचीची आणि दोन बोटे रुंदीची लाकडी पट्टी असते, ती कोणी देवाला अर्पण केल्याचे ऐकिवात नाही. आजचा विषय ती पट्टी, तिच्या जातीचे कंगोरे आणि खांबाच्या गळ्यातले कडे असा आहे. विषय किरकोळ वाटेल. पण जुने मोडताना सर्वांत आधी लाकडाच्या ढिगात जाते ते हेच, आणि नव्या कामात सर्वांत आधी जाणवते ती त्याचीच उणीव.

गवंडी आणि सुतार यांच्या बोलीत बाहेर फुगलेल्या उठावाला गोला म्हणतात, आत गेलेल्या पन्हाळीला गलता. गोला, गलता आणि मध्ये सपाट पट्टी, या तिघांच्या उलटसुलट मांडणीतून जगातले बहुतेक कंगोरे तयार झाले आहेत, मग ते विजापूरचे असोत की रोमचे. ग्रीक लोकांनी खांबाच्या माथ्याखालच्या बारीक गोल कड्याला जे नाव दिले, ते मूळचे घोट्याच्या हाडाचे नाव. तेच नाव पुढे युरोपात दोन झडपांमधल्या पट्टीलाही मिळाले. खांबाचे कडे आणि दाराची पट्टी ही भावंडे आहेत, हे तिकडच्या कारागिरांनाही उमगले होते.

आता कोकणची गोष्ट. येथे घर बांधायचे तर हाताशी जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवेवर टणक होणारा, स्वस्त आणि सोयीचा. परंतु त्याच्या अंगी भोके. त्यात बारीक धार कोरली तर टिकत नाही. म्हणून देशावर जे काळ्या दगडात झाले ते कोकणात लाकडात आणि चुन्यात झाले. अंबरनाथच्या देवळात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. तिथल्या दगडातले बारीक थर आजही नजरेत भरतात. जांभ्यात ती धार शंभर पावसाळेही काढणार नाही. दाभोळच्या धक्क्याजवळची आदिलशाही मशीद पाहावी. ती काळ्या दगडाची आहे, म्हणूनच खाडीचा खारा वारा खाऊनही तिचे कंगोरे ओळखू येतात. गावातले त्या काळचे लाकूडकाम मात्र पाहायला मिळायचे नाही. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज सेनानी आल्मेदा याने दाभोळ लुटले आणि जाळले. लाकूड जळते. जे आगीतून वाचते ते वाळवीला मिळते, आणि वाळवीतून वाचलेले पुष्कळदा जीर्णोद्धारात जाते, हे जरा कडू असले तरी खरे आहे.

दाराकडे वळू. दापोली तालुक्यात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही सरळ खाली पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा आणतो. समुद्राकडे तोंड असलेल्या दाराला म्हणून दोन शत्रू, पाणी आणि वारा. आणि दोघांची वाट एकच, ती म्हणजे फट. दाभोळकरांना फट बुजवणे काही नवे नाही. होडीच्या फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि राळ ठासून भरणारे कारागीर या खाडीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. पण होडीची फळी जागची हलायची नसते, दाराला मात्र रोज उघडायचे असते. तिथे कापूस ठासून चालत नाही. फट ठेवावीच लागते, आणि ठेवलेली फट झाकावी लागते. पट्टीचा जन्म या अडचणीतून झाला.

फट ठेवावी का लागते? कारण लाकूड मेलेले नसते. हवेतला ओलावा ते पिते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, फरक पडतो तो रुंदीत. अखंड फळ्या जोडून केलेली दोन फूट रुंदीची सागवानी झडप वैशाखापासून श्रावणापर्यंत पाच-सहा मिलिमीटर फुगू शकते. दोन्ही झडपा फुगल्या म्हणजे दार चौकटीत अडकलेच. मग कोणीतरी रंधा मारतो, आणि दिवाळीनंतर तेच दार बोटभर फट दाखवून हसते. जुन्या सुतारांनी यावर तावदानी दार काढले. उभे आणि आडवे दांडे कूस-साल घालून जोडायचे आणि मधले तावदान दांड्यांच्या खाचेत नुसते बसवायचे, खिळा नाही की सरस नाही. तावदान खाचेतल्या खाचेत फुगते आणि आक्रसते. झडपेची रुंदी बदलते ती फक्त दोन उभ्या दांड्यांपुरती, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर. तावदानाच्या कडेने जी गोल पट्टी फिरते, जिला हल्ली बीडिंग म्हणतात, ती शोभेची वाटते. पण खाचेतली ती हालचाल झाकणे आणि पाणी खाचेत न शिरू देणे हे तिचे काम. उत्साहाच्या भरात कोणी तावदानाला चारी बाजूंनी खिळे ठोकले की एका पावसाळ्यात तावदान मधोमध तडकते, आणि दोष सागाला दिला जातो.

मधल्या पट्टीचे गणितही असेच आहे. ती दोन्ही झडपांची दिसते, पण ठोकलेली असते एकीलाच. दार आत उघडणारे असेल आणि पट्टी बाहेरच्या अंगाला असेल, तर पट्टीची झडप आधी लावायची, दुसरी तिच्यावर येऊन टेकते. उघडताना दुसरी आधी. हा क्रम घरातल्या पोरालाही ठाऊक असायचा. वाऱ्याने दार आत रेटले तरी आतला अडसर दोन्ही झडपांना एकत्र धरतो, आणि पाणी पट्टीच्या फुगीर पाठीवरून दोन बाजूंना ओघळते. पट्टीची पाठ सपाट न ठेवता गोल का, तर त्यासाठी. तिच्यावर कमळे, फुले, पितळी फुल्या बसवल्या त्या नंतर. आधी पाणी, मग फूल.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगड भागात कौले, पत्रे, माडा-पोफळीच्या बागा यांची धूळधाण झाली. वारा एकदा दारातून आत शिरला की तो आतून छपराला वर उचलतो आणि बाहेरचा वारा वरून खेचतो. छपरे अशी उडतात. दार घट्ट असणे हा म्हणून केवळ ओल टाळण्याचा प्रश्न राहत नाही, त्यावर छप्परही अवलंबून असते. आता पट्टीने वादळ अडते असे कोणी समजू नये. दणकट बिजागऱ्या आणि जाड अडसर लागतोच. परंतु फट मोठी असेल तर झडपा वाऱ्यात आदळत राहतात, आणि आदळणारी बिजागरी फार काळ टिकत नाही.

खांबांविषयी थोडक्यात. लाकडी खांब थेट जमिनीत रोवला तर त्याचा बुडखा पाणी शोषतो आणि कुजतो, म्हणून खाली दगडी तळखडा. तळखड्याचा खांदा उतरता आणि गोल केलेला असतो, म्हणजे आलेले शिंतोडे खांबाच्या मुळाशी न थांबता खाली जातात. पेशवाईतले सुरूदार खांब पाहिले तर बुडाशी फुगीर कुंभ, वर निमुळता दांडा आणि गळ्याशी कडे. लाकूड टोकाकडून चिरते, म्हणून टोकाशी दोर किंवा लोखंडी पट्टा आवळायची रीत जुनी आहे. तो आवळलेला पट्टाच पुढे दगडात कोरला गेला, असे स्थापत्याचे पुष्कळ अभ्यासक मानतात. दगडाने लाकडाची नक्कल केली याचा पुरावा फार लांब नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दगडी छताखाली लाकडी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. छपराला त्यांची गरज नाही. पण त्यांच्यावाचून डोळ्यांना ते छप्पर वाटले नसते.

आता या सगळ्याचे आज काय होते? एक, तैलरंग. दर यात्रेला एक हात, त्यावर दुसरा. वीस-पंचवीस वर्षांत गलता भरून सपाट होतो आणि गोला चिकट गाठीसारखा दिसू लागतो. दुसरे, सिमेंट. लाकडी खांबाभोवती सिमेंटचा वेढा घातला की आतली ओल बाहेर पडत नाही. वरून खांब चकचकीत, आतून भुसा. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तरी हेच. चुना श्वास घेऊ देतो, सिमेंट देत नाही. तिसरे, छज्जा. नव्या स्लॅबच्या छज्जाखाली कडेपासून बोटभर आत एक बारीक खाच ठेवायची असते. ती नसली तर पागोळी कडेवरून न पडता छज्जाच्या पोटाने सरळ भिंतीवर येते, आणि नव्या रंगाला पहिल्याच भाद्रपदात काळे ओघळ दिसतात. जुन्या देवळांच्या दगडी कपोताची कड खाली वाकवलेली असते, तिचे काम हेच. ती न कळता वरचा आकार तेवढा सिमेंटमध्ये ओतला, तर ओतण्याचा खर्च फुकट.

जुने दार काढावे लागलेच तर घाई नको. बहुतेक दारे उंबरठ्याजवळच्या वीतभर भागात कुजलेली असतात, बाकीचा साग, फणस किंवा ऐन ठणठणीत असतो. HTMLसारख्या नव्या विद्येची गरज नाही, साधा सांधा पुरतो: तेवढा भाग कापून त्याच जातीचे, नीट सुकलेले लाकूड जोडता येते. मोडण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक घालावा, आणि प्रत्येक कंगोऱ्याचा छेद जाड पुठ्ठ्यावर उतरवून पुठ्ठा कापून ठेवावा. गोलचीचे जुने रंधे आता क्वचितच मिळतात, पण यंत्राचे पाते त्या पुठ्ठ्यावरून घासून घेता येते. पुठ्ठा नसेल तर सुतार बाजारातली तयार पट्टी आणतो आणि त्यात त्याचा दोष नाही. रंग खरवडताना भाजून काढू नये, कंगोऱ्याची धार जळते. वर पुन्हा तैलरंगाऐवजी तेल द्यावे. जवसाचे चालते, कोकणात होड्यांना उंडीचे आणि काजूच्या टरफलांचे तेल लावत आलेले आहेत, पैकी काजूचे तेल कातडीला भाजते, तेव्हा हाताळणाऱ्याने जपावे.

खर्चाचा हिशेब समितीने मांडताना दुरुस्तीचा सुतार आणि नव्या दाराचा सुतार यांचे अंदाज वेगवेगळे मागवावेत. दुरुस्तीत मजुरी जास्त, लाकूड कमी, नव्यात उलट. नवेच दार करायचे ठरले तर लाकूड निदान एक पावसाळा सावलीत रचून ठेवावे आणि बसवण्याचे काम वैशाखात करावे. त्या वेळी लाकूड आक्रसलेले असते. दोन झडपांमध्ये तीन-चार मिलिमीटरची फट सोडून वर पट्टी घेतली, म्हणजे आषाढात दार अडकत नाही आणि मार्गशीर्षात उजेड दिसत नाही.