तज्ज्ञ म्हणतात म्हणून?

(टेंभुर्णी, ता. माढा, जि. सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टेंभुर्णीच्या चौकातून एक रस्ता पुण्याकडे जातो, एक सोलापूरकडे, एक पंढरपूरकडे आणि एक करमाळ्याकडे. उजनीचे पाणी शिवारात आल्यापासून या चौकातून उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि मालमोटारी जाताना दोन पिढ्यांनी पाहिल्या. आता याच रस्त्यावरून केळी, डाळिंब आणि द्राक्षांचे शीतपेटारे बंदराकडे जातात. म्हणजे युरोप हा विषय आता विद्यापीठातल्या चर्चासत्रापुरता राहिलेला नाही. तो माढा तालुक्याच्या बांधावर येऊन उभा आहे.

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थंडावली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत ती पूर्ण झाल्याची घोषणा झाली. त्या दिवसापासून तज्ज्ञांच्या मतांचा पाऊस पडला. कोणी म्हणाले, निर्यातीचे दार उघडले. कोणी म्हणाले, देश विकला. दोन्ही बाजूंना पदव्या होत्या, दोन्ही बाजूंना आकडे होते. सामान्य माणसाने, विशेषतः ज्याच्या घामाचा माल त्या दारातून जाणार आहे त्याने, यांपैकी कोणाचे ऐकावे?

हा प्रश्न नवा नाही. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. त्या काळी इंग्रज अर्थशास्त्रज्ञांचा शब्द म्हणजे निसर्गनियम मानला जाई. खुला व्यापार सर्वांच्या हिताचा, सर्व देशांत आणि सर्व काळी, असे ते शिकवीत. रानड्यांनी ते ग्रंथ मुळातून वाचले होते, आणि म्हणूनच ते सांगू शकले की हे नियम इंग्लंडच्या परिस्थितीतून निघाले आहेत. हिंदुस्थानला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्टचा दाखला त्यांनी दिला. परकीय तज्ज्ञांना उत्तर द्यायला त्यांनी अज्ञानाचा आधार घेतला नाही. त्यांच्याहून अधिक ज्ञानाचा घेतला. स्वदेशीच्या विचाराची ही पहिली पायरी आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही, हे खेदाचे आहे.

ज्या युरोपचे आकर्षण एवढे, त्या युरोपातील देशांनाही हाच प्रश्न पडला होता. नॉर्वेत १९७२ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये सार्वमत झाले. सरकार, उद्योगपती आणि बहुतेक मोठी वृत्तपत्रे युरोपात सामील होण्याच्या बाजूने होती. शेतकरी आणि कोळी विरोधात उभे राहिले. दोन्ही वेळा ‘नाही’चा कौल निघाला, १९९४ मध्ये ५२.२ टक्क्यांनी. नॉर्वे बुडाला नाही, तो जगातील अत्यंत समृद्ध देशांत गणला जातो. मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. युरोपच्या बाजारात राहण्यासाठी नॉर्वेने १९९४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार पाळला आहे आणि त्यामुळे युरोपचे कितीतरी नियम त्याला स्वीकारावे लागतात. ते नियम ठरविताना मात्र त्याला मत नसते. दार बंद केले तरी खिडकी उघडी ठेवावी लागली, असे म्हणता येईल.

ग्रीसची कथा उलटी आहे. २००१ मध्ये तो देश युरो चलनात गेला, तेव्हा ब्रुसेल्समधील जाणकारांनी त्याचे स्वागत केले. २००९ मध्ये उघड झाले की सरकारी तुटीचे आकडेच खोटे होते. २०१० मध्ये मदतीच्या बदल्यात जी काटकसर लादली गेली, तिचे परिणाम आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तज्ज्ञांनी फार सौम्य धरले होते. २०१३ मध्ये निधीच्याच अर्थतज्ज्ञांनी हे लेखी मान्य केले. तोवर ग्रीसची अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली होती. हिशेब चुकला तो वॉशिंग्टनमध्ये, निवृत्तिवेतन कापले गेले ते अथेन्समधल्या म्हाताऱ्याचे. पण ‘तज्ज्ञ चुकले’ एवढेच म्हणून थांबणेही अन्यायाचे होईल. १९९८ मध्ये जर्मनीतील १५५ अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी, युरो फार लवकर येत आहे, असे जाहीर पत्रक काढले होते. तेही तज्ज्ञच होते. त्यांचे कोणी ऐकले नाही, कारण सत्तेला हवे असलेले उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी मतदान झाले. त्याआधी तिथल्या अर्थखात्याने भाकीत केले होते की बाहेर पडण्याचा कौल लागताच मंदी येईल आणि बेकारांच्या संख्येत पाच लाखांची भर पडेल. एका मंत्र्याने, लोकांना आता तज्ज्ञांचा कंटाळा आला आहे, अशा अर्थाचे विधान केले आणि ते जगभर गाजले. कौल लागला, पण ती तात्काळ मंदी आली नाही. अर्थशास्त्रज्ञांची चेष्टा झाली. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेच्या मुख्य अर्थतज्ज्ञानेही जानेवारी २०१७ मध्ये आपल्या व्यवसायाची चूक कबूल केली. येथवरची गोष्ट आपल्याकडे मोठ्या चवीने सांगितली जाते, पुढची कमी सांगितली जाते. पुढच्या वर्षांत व्यापार आणि गुंतवणूक यांना ओहोटी लागली, आणि तिथल्या स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालयाने दीर्घकालीन उत्पादकतेचे नुकसान सुमारे चार टक्के धरले. वादळ उद्या येणार हे भाकीत खोटे ठरले. जमिनीची धूप होणार हे मात्र खोटे ठरले नाही. ज्यांनी केवळ पहिल्या वर्षाकडे पाहून टाळ्या पिटल्या, त्यांनीही घाईच केली.

आता आपल्या घराकडे यावे. १९९१ ते १९९४ हा डंकेल प्रस्तावाचा काळ येथील ज्येष्ठांना आठवत असेल. त्या वेळी महाराष्ट्राच्याच मातीतून निघालेले दोन अधिकारी पुरुष परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते. एक शरद जोशी. टपालखात्याचे अधिकारी, स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेत नोकरी केलेले, तिथले वैभव सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करणारे. दुसरे दत्तोपंत ठेंगडी. वर्ध्याच्या आर्वीचे, भारतीय मजदूर संघ आणि भारतीय किसान संघ उभे करणारे, स्वदेशी जागरण मंचाचे प्रेरणास्थान.

जोशी म्हणाले, येऊ द्या डंकेल. शेतकऱ्याला लुटणारे परकीय नव्हेत, आपलेच सरकार आहे. दत्तोपंत म्हणाले, हा आर्थिक पारतंत्र्याचा दस्तऐवज आहे. दोघांच्याही हेतूबद्दल शंका घेता येत नाही. दोघांनीही या मतांतून काही मिळविले नाही, गमावले मात्र. जोशींना जुने सोबती तुटले. दत्तोपंतांनी तर पुढे विचारपरिवारातील पक्षाचे सरकार दिल्लीत असतानाही आपली टीका मवाळ केली नाही.

तीस वर्षांनंतर हिशेब काय सांगतो? जोशींचे एक म्हणणे सरकारच्याच कागदांनी सिद्ध झाले: भारताच्या शेतकऱ्याला मिळणारे एकूण साहाय्य त्या काळी उणे होते, म्हणजे त्याला अनुदान नव्हे तर दंड होत होता. हे सांगण्याचे धैर्य विरोधकांकडे कमी होते, स्वदेशीवाद्यांकडेही. पण श्रीमंत राष्ट्रे अनुदाने कमी करतील ही जोशींची अपेक्षा फळली नाही. त्या राष्ट्रांनी अनुदाने एका खान्यातून उचलून ‘हिरव्या खान्यात’ ठेवली आणि मोजदाद बदलली. युरोपची साखर तर वर्षानुवर्षे अनुदानाच्या बळावर जगात स्वस्त विकली गेली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी तक्रार केल्यावर २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने ती बेकायदा ठरविली, आणि मग कुठे २००६ पासून युरोपने आपल्या साखरेची आधारभूत किंमत टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरविली. माढा तालुक्यातला ऊस उत्पादक त्या काळात कमी भावाचे खापर आपल्या कारखान्याच्या संचालकांवर फोडीत होता. संचालक अगदीच निर्दोष होते असे नव्हे. पण भाव पडण्याचे एक कारण ब्रुसेल्समध्ये होते.

दुसरीकडे, शेतकऱ्याला घरचे बी राखता येणार नाही, ही १९९४ ची सर्वांत मोठी भीती होती. ती खरी ठरली नाही. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि छाप न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याकडे ठेवला. विरोधक म्हणतात, पाहा, तुमचा इशारा खोटा निघाला. परंतु तो इशारा गावोगाव दिला गेला नसता, तर ते कलम कायद्यात आले असते काय? काही भाकिते ऐकली गेल्यामुळेच खोटी ठरतात. तज्ज्ञाचे मोल ठरविताना ही गोष्ट विसरली जाते.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र द्राक्षांचे आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक आढळले. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणतो. खरड छाटणीनंतर वेलीची शेंडावाढ रोखून काडीत घड तयार व्हावा, यासाठी ते वर्षानुवर्षे वापरले जात होते. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. निर्यातीपूर्वी भारतात ज्या रसायनांची तपासणी होई, त्या यादीत त्याचे नावच नव्हते. प्रयोगशाळेचा दाखला घेऊन गेलेला माल तिकडे अडला. बागायतदाराने कोणता नियम मोडला होता? कोणताच नाही. त्याने दाखल्यावर विश्वास ठेवला होता.

येथे युरोपचे तज्ज्ञ खोटे बोलत होते काय? नाही. द्राक्षांत ते रसायन होते. यंत्राने दाखविलेला आकडा देशभक्तीने बदलत नाही. पण ०.०५ हा आकडा आला कोठून? युरोपात द्राक्षावर हे रसायन वापरीत नाहीत, म्हणून यंत्राला मोजता येईल त्या किमान पातळीवर मर्यादा ठेवलेली. त्याच रसायनाला युरोपातल्या गव्हात त्याच्या कित्येक पट मुभा होती, कारण तिथला गहू उत्पादक ते वापरतो. मोजमाप विज्ञानाचे, मर्यादा मात्र सोयीची. तज्ज्ञाच्या तोंडून ही दोन्ही वाक्ये एकाच सुरात बाहेर पडतात आणि ऐकणारा दोन्हींना विज्ञान समजतो. ज्याला हा फरक ओळखता आला, त्याला निम्मी परीक्षा साधली.

या प्रसंगानंतर आपल्याकडे केवळ निषेधाची पत्रके निघाली असती, तर द्राक्षाची निर्यात तिथेच संपली असती. तसे झाले नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तपासणीच्या यादीत ते रसायन घेतले, बागांची नोंदणी कडक झाली, बागायतदारांनी छाटणीनंतरची पद्धत बदलली. याच सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे वाण वेलीचे निरीक्षण करून निवडले. तज्ज्ञ या शब्दाचा अर्थ ‘त्यातले जाणणारा’ एवढाच आहे. तो पदवीधर असलाच पाहिजे असे संस्कृत म्हणत नाही.

निंबोळीच्या खटल्यातही हेच दिसले. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याचे एकस्व युरोपीय कार्यालयाने अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला दिले होते. म्युनिकमध्ये ते २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही टिकले नाही. तिथे विद्वानांच्या निबंधांइतकीच मोलाची ठरली ती, हे काम आपण पूर्वीच करीत होतो, अशी भारतातल्या एका उत्पादकाची साक्ष. हळदीच्या अमेरिकी एकस्वाविरुद्ध डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली १९९७ मध्ये मिळालेला विजय सर्वांना ठाऊक आहे. तोही शास्त्रज्ञांनीच मिळविला, शास्त्रज्ञांना नावे ठेवणाऱ्यांनी नव्हे.

प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला तेव्हा धनंजयराव गाडगीळ हे नामवंत अर्थशास्त्रज्ञ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनी शेतकऱ्यांना दुरून सल्ला दिला नाही, खुर्ची स्वीकारून धोका वाटून घेतला. सल्ला चुकला तर सल्लागाराचे काय बुडते, हा प्रश्न टेंभुर्णीच्या बाजारातला कोणताही आडत्या विचारील. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत तो कोणी विचारीत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने आशिया-प्रशांत देशांचा आरसेप करार नाकारला, तेव्हा अनेक नामांकित अर्थतज्ज्ञांनी त्याला चूक म्हटले. न्यूझीलंडची दूधभुकटी आली असती तर त्यांच्या गोठ्यातल्या म्हशी विकल्या जाणार नव्हत्या. त्यांचे मत त्यामुळे खोटे ठरत नाही. त्याचे वजन मात्र त्यावरून करावे लागते.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ या म्हणीचा उत्तरार्धच बहुतेकांना प्रिय असतो. ऐकण्याचे कष्ट कोणी घेत नाही. युरोपशी ठरलेल्या करारात भारताने दूध आणि धान्य बाहेर ठेवले, युरोपने साखर आणि तांदूळ बाहेर ठेवले. खुल्या व्यापाराचे धडे देणाऱ्यांनीही आपला शेतकरी सांभाळला, हे ध्यानात घ्यावे आणि त्यात राग मानू नये. करार स्वदेशीच्या विरोधी आहे की नाही, हे त्याच्या नावावरून ठरत नाही, कलमांवरून ठरते. आणि सोलापूरच्या द्राक्ष-डाळिंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम आयातशुल्काचे नसून वनस्पतिआरोग्य आणि रसायनांच्या अंशाचे आहे. शुल्क शून्य झाले आणि मर्यादा यंत्राच्या किमान पातळीवर राहिली, तर पेटारा पुन्हा रॉटरडॅमला अडेल.

तेव्हा त्या प्रकरणाचे मराठी भाषांतर प्रत्येक बागायतदार संघाकडे असले पाहिजे. गावातल्या एका कृषी पदवीधराने आणि एका अनुभवी बागायतदाराने शेजारी बसून ते ओळीने वाचले पाहिजे, कोणत्या रसायनाची मर्यादा कशावरून ठरली हे मांजरीला लेखी विचारले पाहिजे, आणि हे सारे ऑक्टोबर छाटणीच्या आत झाले पाहिजे. कात्री लागल्यावर विचारून उपयोग नाही.