मलम आणि निद्रारोग

आपल्या पेशींत पॉलीअमाइन नावाचे चिमुकले रेणू असतात. त्यांच्यावर धन भार, डीएनएवर ऋण. म्हणून ते डीएनएला बिलगतात, आणि कोणत्या जनुकाची नक्कल किती उतरायची यात त्यांचाही हात असतो. ते आटले की पेशींची वाढ मंदावते.

एफ्लॉर्निथिन हे औषध त्यांचं उत्पादनच रोखतं. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर ते १९९० साली मंजूर झालं. पण गरीब रोग्यांत नफा कुठला? उत्पादन थांबलं. २००० साली तेच औषध अमेरिकेत बायकांच्या चेहऱ्यावरचे केस रोखणारं मलम म्हणून आलं. हनुवटीवरून होणारी चेष्टा आम्हालाही ठाऊक आहे, ते दुखणं लटकं नाही. तरीही निद्रारोग्यांसाठी डॉक्टरांच्या संघटनेला भांडावं लागलं, तेव्हा कुठे २००१ मध्ये कंपनी तयार झाली.