वऱ्हाडी ऐकली की हसायचं, हे आपल्याला कोणी शिकवलं?

आजचा भाग मी चांदूर बाजारहून रेकॉर्ड करतेय. घराच्या वरच्या खोलीत बसलेय, खाली रस्त्यावरून संत्र्याचे ट्रॅक्टर जाऊन राह्यले, आंबिया बहाराची तोड चालू आहे. त्यामुळे मधेच घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या.

विषय तुम्हीच दिलाय. मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी विचारलं होतं की टीव्ही-सिनेमानं समाज बदलतो का, बिघडतो का, यावर बोल ना. आता हा प्रश्न आला की चर्चा ठरलेल्या रस्त्यानं जाते. कपडे, लफडी, पळून जाणारी पोरं, किचनमध्ये कट शिजवणाऱ्या सासवा. त्यावर खूप लोक बोलतात आणि मला खरंच कंटाळा येतो. मला एका वेगळ्या गोष्टीवर बोलायचंय, जी कोणी उपदेश म्हणून दाखवत नाही, पण रोज रात्री आठ वाजता आपल्या डोक्यात शिरते. कोणाची मराठी ऐकली की आदरानं ऐकायचं आणि कोणाची ऐकली की हसायचं.

२०१६ साल आठवा. मी तेव्हा अमरावतीला बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होते. एप्रिलच्या शेवटी 'सैराट' आला. करमाळ्याकडची बोली बोलणारी आर्ची बुलेट चालवत आली आणि आमच्या वसतिगृहात अर्ध्या पोरी तिच्यासारखं बोलायला लागल्या. ऑगस्टमध्ये झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये 'तुझ्यात जीव रंगला'. म्हणजे सहा महिन्यांत सोलापूर, नागपूर आणि कोल्हापूर, तीन बोल्या एकदम पडद्यावर. असं आधी झालेलं मला आठवत नाही.

आता फरक बघा. आर्चीची बोली म्हणजे तिची ऐट. राणादा कुस्ती खेळणारा गडी, साधा, पण हिरो. त्याचं 'चालतंय की' पोरांनी गाड्यांच्या मागे लिहून घेतलं. आणि आमच्या वाट्याला आली राधिका. नागपूरची, लग्न होऊन मुंबईकडे आलेली, आणि जिच्या नवऱ्याला, गुरुनाथला, तिची लाज वाटते. काहून? ती गावंढळ आहे म्हणून. आणि ती गावंढळ आहे हे प्रेक्षकाला दोन मिनिटांत कळावं म्हणून लेखकानं काय वापरलं? तिची भाषा. बाकी साडी, वेणी वगैरे होतंच, पण खरं काम भाषेनं केलं.

थांबा, मी मालिकेला शिव्या घालत नाहीये. माझ्या आईनं ती शेवटपर्यंत पाहिली, मार्च २०२१ पर्यंत, साडेचार वर्षं. आमच्या गल्लीत आठ वाजता कोणाकडे साखर मागायला जायची सोय नव्हती. आणि राधिकेनं मसाल्याचा धंदा काढला, ३०० कोटींची मालकीण झाली, यावर इंटरनेटवर कितीही मीम्स झाले तरी आमच्याकडच्या बायांना ते भारी वाटलं होतं. शेजारच्या काकूंनी त्याच वर्षी काळा मसाला पाकिटात भरून विकायला सुरुवात केली. त्या म्हणायच्या, "तिले जमलं त मले काहून नाही जमणार?" हा पण मालिकेचाच परिणाम आहे, तो मी खोडून टाकणार नाही. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, तरी त्यांनी मेहनतीनं ती बोली धरली. आई मात्र टीव्हीसमोर बसून चुका काढायची. "असं नाही म्हनत बापा आपन." मी तिला सांगायचे की ही नागपूरची बोलते, आपली वऱ्हाडी वेगळी. तर ती म्हणायची, "पुन्यावाल्याले काय फरक समजते?"

आईचं हे वाक्य मला पुढे पुण्यात समजलं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरज पण नाही. नोकरी लागून तीन महिने झाले होते. घरून फोन आला, मी पॅन्ट्रीत उभी राहून बोलत होते, "हो, पाठवजो. नाही, आता जेवून राह्यली." फोन ठेवला तर मागे टीममधला एक जण हसत उभा. म्हणाला, "अरे, राधिका मसाले!" त्यानंतर सहा महिने माझं नाव राधिका. स्टँडअप मीटिंगमध्ये सुद्धा. माणूस वाईट नव्हता, माझा कोड तोच रिव्ह्यू करायचा आणि चांगला करायचा. पण गंमत अशी की त्याच टीममध्ये एक कोल्हापूरचा होता. तो 'काय लगा' म्हणायचा तेव्हा सगळे म्हणायचे, काय भारी बोलतोस रे. त्याची बोली रांगडी, माझी कॉमेडी. दोघंही प्रमाण मराठी बोलत नव्हतो. मग हा भेद आला कुठून?

मी त्यावर बराच विचार केलाय, आणि मला वाटतं उत्तर थोडं भूगोलाचं आहे, थोडं इतिहासाचं. मराठी सिनेमा वाढला कुठे? प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुढे कितीतरी वर्षं कोल्हापुरातल्या स्टुडिओंत चित्रपट बनत राहिले. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, 'पिंजरा' १९७२ चा, तमाशापट, पाटील, सरपंच. यातली गावरान मराठी म्हणजे सातारा-कोल्हापूरकडची. त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्राच्या कानाला एकच सवय लागली की 'खेड्यातली माणसं अशी बोलतात'. आणि त्या सिनेमात त्या बोलीत प्रेम होतं, भांडण होतं, दगा होता, सगळं होतं. नुसता विनोद नव्हता.

आपण तेव्हा कुठे होतो? १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रांत-मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. मुंबई राज्यात आपण आलो १९५६ ला, महाराष्ट्र झाला १९६० ला. तोपर्यंत पडद्यावरच्या मराठीचा साचा तयार झालेला होता. आणि टीव्ही आला तेव्हा तो आला मुंबईत. आज मालिकांचं शूटिंग ठाणे, मिरा रोड सोडून बाहेर निघालं तर सातारा, कोल्हापूर, भोर, नाशिक. कलाकार रात्रीतून मुंबईला परत जाऊ शकतो ना. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे घडली, त्यानं तिकडची गावं घरोघरी पोचली. अमरावतीला रोजच्या मालिकेचं युनिट आणणं परवडत नाही, हे मी समजू शकते. आमचं विमानतळ सुरू व्हायलाच एप्रिल २०२५ उजाडलं. म्हणजे कोणी मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही. लांब पडलो, एवढंच. पण लांब पडण्याचा परिणाम असा की आपल्या बोलीला पडद्यावर दोनच कामं मिळाली.

एक, हसवायचं. भारत गणेशपुरे अमरावतीचे. 'चला हवा येऊ द्या' २०१४ ला सुरू झालं आणि त्यांनी वऱ्हाडी घराघरात नेली. मी त्यांची फॅन आहे, उघड सांगते. पण एक गोष्ट बघा, त्यांची बोली ऐकल्याबरोबर, विनोद व्हायच्या आधीच, लोक हसायला तयार असतात. मराठवाडी बोलीचं मकरंद अनासपुरेंच्या वेळी तेच झालं होतं. माणूस जबरदस्त, पण बोलीवर शिक्का बसतो.

दुसरं काम, मरायचं. शेतकरी आत्महत्येवरचा सिनेमा आला की विदर्भ येतो. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९ चा, तुम्ही पाहिला नसेल तर नक्की पाहा. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलीय, आणि आता आपला नवरा पण तसंच काही करेल या धास्तीनं ती बाई त्याच्यामागे पोराला पाळतीवर लावते. तो बिचारा फक्त पावसाची वाट पाहतोय. मला तो सिनेमा आवडतो कारण त्यात माणसं रडत बसत नाहीत, एकमेकांना टोमणे मारतात, खातात, चिडतात. आमच्याकडे लोक असेच असतात. पण असा सिनेमा एखादाच. बाकी ठिकाणी आमचा शेतकरी म्हणजे फासाच्या दोराकडे बघणारा चेहरा. वऱ्हाडीत कोणी प्रेम करतंय, कोणी बँकेत मॅनेजर आहे, कोणी डॉक्टर पेशंटला रिपोर्ट समजावून सांगतोय, असं तुम्ही किती वेळा पाहिलंय? मी आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला.

आणि हे कोणत्या बोलीचं होतंय बघा. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण शाळेत 'लीळाचरित्र' शिकलो. म्हाइंभटांनी तो लिहिला रिद्धपूरला, तेराव्या शतकात. रिद्धपूर आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ पण झालंय. गाडगेबाबा जन्मले शेंडगावला, अंजनगाव सुर्जी तालुक्यात. त्यांची कीर्तनं वऱ्हाडीत, समोरच्या लोकांना प्रश्न विचारत विचारत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, पोरं शिकवा, हे सगळं याच बोलीत सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. १९७७ च्या 'देवकीनंदन गोपाला'त डॉ. श्रीराम लागूंनी बाबा उभे केले. आमच्याकडे तो सिनेमा लागला की कोणी बोलीवर हसत नाही. आजी तर पदर डोक्यावर घेऊन बसायची. म्हणजे बोलीत काही मुळात हसण्यासारखं नाहीये. ती कोणाच्या तोंडात दिली, आणि त्या माणसाला गोष्टीत काय काम दिलं, त्यावर सगळं ठरतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, मजा म्हणून घे. तर ऐका. माझ्या मावशीच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी पुण्याचं एक स्थळ आलं होतं. ती एमएससी, मुलगा आयटीत. बघायचा कार्यक्रम छान झाला. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगी पसंत आहे, पण लग्नाआधी सहा महिने जरा भाषेवर काम करा. भाषेवर काम! मावशीला वाटलं इंग्रजीबद्दल म्हणताहेत. ते मराठीबद्दल होतं. मावसबहिणीनं स्वतःच नकार कळवला, आणि तो फोन तिनं शुद्ध वऱ्हाडीत केला, हे मला तिनं फार आनंदानं सांगितलंय.

पण तिच्या वहिनीनं त्यातून दुसराच धडा घेतला. तिची मुलगी सात वर्षांची आहे. घरात आजोबा 'मले पानी दे' म्हणतात तर ही त्यांना सुधारते, "आबा, मला पाणी दे म्हणायचं." आबा हसतात. आता ते तिच्याशी कमी बोलतात. जाणूनबुजून नाही, पण चुकायची भीती कोणाला नसते? ७५ वर्षांचा माणूस स्वतःच्या घरात नातीसमोर शब्द तपासून बोलतोय. मला हे फार लागतं. त्या घरात टीव्ही सहाला सुरू होतो आणि साडेदहाला बंद होतो.

बरं, हिंदी सिनेमात मोलकरीण कायम मराठी असते म्हणून आपण मराठी लोक चिडतो. बरोबर चिडतो. मग मराठी मालिकेत मोलकरीण, वॉचमन, ड्रायव्हर कोणती मराठी बोलतो ते जरा बघा आज रात्री.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. या पॉडकास्टचा मजकूर मी आधी मोबाईलला ऐकवून काढते, मग हातानं दुरुस्त करते. मी प्रमाण मराठीत बोलले की बऱ्यापैकी बरोबर येतं. वऱ्हाडीत बोलले की 'काहून'चं 'कानून' होतं. 'डाय' म्हणजे आपली डाळ, त्याचं ते काहीतरी इंग्रजी करतं. यात जादू काही नाही. अशा मॉडेलला जे आवाज ऐकवले तेच त्याला कळतं, आणि ऐकवायला सहज सापडतात ते बातम्या, पुस्तकवाचन, असे स्वच्छ आवाज. जे पडद्यावर आणि माईकसमोर आलं नाही ते मशीनच्या हिशेबात चूक ठरतं. उद्या आबांना बँकेचं किंवा पीकविम्याचं काम फोनवर बोलून करावं लागलं तर त्यांना दोन दोनदा परत बोलावं लागेल, आणि शेवटी ते फोन नातीकडे देतील.

यूट्यूबवर मात्र हवा बदलतेय हे सांगायला पाहिजे. आमच्याकडची पोरं शेतात उभी राहून मोबाईलवर व्हिडिओ करतात. बहुतेक कॉमेडीच, कारण तीच चालते. पण मधूनच एखादा पोरगा संत्र्याची फळगळ का होते ते वऱ्हाडीत समजावून सांगतो, सरळ, गंभीरपणे, आणि खाली कमेंटमध्ये कोणी भाषेवर हसत नाही. त्याला औषधाचं प्रमाण विचारतात.

म्हणून मी एक छोटं काम सुरू केलंय, त्यात तुमची मदत पाहिजे. घरातल्या मोठ्या माणसाला बसवा आणि दोन मिनिटांचं काहीही बोलू द्या. पेरणीचं, लग्नाचं, काल मालिकेत काय झालं त्याचं. विनोदी नको, नेहमीसारखं. त्यांना विचारून, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. वऱ्हाडी, झाडी, अहिराणी, मालवणी, कोणतीही चालेल. सोबत गाव आणि वय लिहा. पंखा बंद करा, त्याचा फार आवाज येतो. आणि मधे तुम्ही त्यांचे शब्द दुरुस्त करू नका. माझ्या आईची नोट पहिली आहे, एक मिनिट पन्नास सेकंदांची, वांग्याच्या भाजीत तेल किती टाकायचं यावर. पुढच्या भागात ऐकवते.